अवधची राजमाता बेगम हजरत महल

१८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामाचे नाव निघाले की झाशीची राणी लक्ष्मीबाई, नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि दिल्लीचे वृद्ध बादशहा बहादूरशहा जफर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु याच संग्रामात राजवाड्याच्या पडद्याआड वाढलेल्या एका स्त्रीने आठ महिन्यांहून अधिक काळ अवधची राजधानी सांभाळली, इंग्रजांनी जमविलेल्या प्रचंड फौजेपुढे ती लढविली आणि राजधानी पडल्यावरही शरणागती पत्करली नाही. ही हकिकत आपल्या मुलामुलींना पुरेशी ठाऊक नाही. पाठ्यपुस्तकात तिच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बेगम हजरत महल यांचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात मांडीत आहे.

सामान्य घरातून राजवाड्यात

बेगम हजरत महल या काही राजकन्या नव्हत्या. फैजाबादच्या एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मुहम्मदी खानम. लहान वयातच त्या लखनौच्या राजवाड्यात सेवेसाठी दाखल झाल्या. युवराज वाजिद अली शहा हे संगीत, नृत्य आणि काव्याचे मोठे शौकीन होते. त्यांच्या परीखान्यात मुलींना गायन व नृत्याचे शिक्षण दिले जाई. तेथे मुहम्मदी खानम यांना महकपरी हे नाव मिळाले. पुढे युवराजांशी त्यांचा विवाह झाला आणि १८४५ साली पुत्र बिरजीस कद्र यांच्या जन्मानंतर त्या हजरत महल या किताबाने ओळखल्या जाऊ लागल्या.

१८४७ मध्ये वाजिद अली शहा अवधच्या गादीवर आले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी आपल्या काही बेगमांपासून फारकत घेतली. त्यांत हजरत महल याही होत्या. म्हणजे ज्या राज्यासाठी पुढे या स्त्रीने सर्वस्व पणाला लावले, त्या राज्याच्या धन्याशी तिचे नाते कायद्याने उरलेही नव्हते. वाचकांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

अवधचा घास

अवध हे उत्तर हिंदुस्थानातील अत्यंत सुपीक राज्य. कंपनी सरकारने १८०१ च्या तहाने त्याचा जवळजवळ निम्मा मुलूख आधीच घेतला होता. नेपाळच्या युद्धाच्या वेळी कंपनीने याच अवधच्या खजिन्यातून मोठमोठी कर्जे काढली होती. इतके मित्रत्व असूनही गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी कारभार बिघडल्याचे कारण पुढे करून हे राज्य खालसा करण्याचे ठरविले. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट औट्रम नव्या तहाचा मसुदा घेऊन राजाकडे गेले. वाजिद अली शहांनी आपली पगडी उतरवून औट्रमच्या हाती दिली, पण तहावर सही केली नाही. सहीवाचूनच राज्य खालसा झाले. राजे कलकत्त्यास गेले व तेथे मटियाबुर्ज येथे राहू लागले. त्यांच्या वृद्ध मातोश्री न्याय मागण्यासाठी थेट लंडनला गेल्या. तेथे काही पदरी पडले नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

इकडे राजाच्या फौजेतील हजारो शिपाई घरी बसले. दरबारावर पोट भरणारे कारागीर, विणकर व नोकरचाकर उघडे पडले. नव्या जमीन बंदोबस्तात तालुकदारांची अनेक गावे गेली. कंपनीच्या बंगाल फौजेतील असंख्य शिपाई मूळचे अवधच्याच खेड्यांतील होते. त्यामुळे घरची दुःखे छावणीपर्यंत आणि छावणीतली चीड घरापर्यंत पोचत होती. दारू ठासून भरलेली होती, फक्त ठिणगी पडायची होती.

सत्तेची सूत्रे हाती

मेरठला १० मे १८५७ रोजी उठाव झाला. ३० मे रोजी लखनौची छावणी उठली. ३० जून रोजी शहराबाहेर चिनहट येथे चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स यांचा पराभव झाला आणि इंग्रज रेसिडेन्सीच्या आवारात कोंडले गेले. त्या आवारात शिपाई, बायकामुले व नोकर मिळून सुमारे तीन हजार माणसे होती. त्यांत इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेले शेकडो हिंदी शिपाईही होते. स्वतः लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी होऊन ४ जुलै रोजी मरण पावले.

शिपायांना विजय मिळाला, पण नेता नव्हता. राजे दूर कलकत्त्यास इंग्रजांच्या कैदेत होते. राजघराण्यातील एखाद्या मुलास गादीवर बसवावे असे ठरले. इंग्रज परतले तर मुलाच्या गळ्याला फास लागेल, हे राजवाड्यात सर्वांना कळत होते. अशा वेळी हजरत महल यांनी आपला जेमतेम बारा वर्षांचा एकुलता एक मुलगा पुढे केला. राजा जयलाल सिंह यांनी फौजेच्या वतीने बोलणी केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बिरजीस कद्र यांचा राज्याभिषेक झाला. दिल्लीच्या बादशहाचा अधिकार मान्य करून ते अवधचे वली झाले. मुलगा अल्पवयीन असल्याने कारभार आईच्या हाती आला.

कारभार कसा चालला याचीही नोंद घेतली पाहिजे. शरफुद्दौला मुख्य वजीर, महाराजा बालकृष्ण यांच्याकडे खजिना, राजा जयलाल सिंह यांच्याकडे फौजेचा कारभार आणि मम्मू खान दिवाणखान्याचे प्रमुख. हिंदू तालुकदार व मुसलमान सरदार एकाच दरबारात बसत. बेगमसाहेबा तालुकदारांना पत्रे पाठवीत, पगाराची तजवीज करीत, शहराची तटबंदी उभारून घेत. त्यांच्या अंगावरचे दागिनेही फौजेच्या खर्चात गेले.

परंतु केवळ गोडवे गाणे हे चरित्रकाराचे काम नाही. वेढा चालू असताना दरबार व फौज यांत बेबनाव होता. मौलवी अहमदुल्ला शहा हे मोठे धाडसी सेनानी, पण त्यांचे व दरबाराचे पटत नसे. एका हुकुमाखाली सारी ताकद एकवटली असती तर रेसिडेन्सी कदाचित पडली असती. तसे घडले नाही. कैसरबागेत ठेवलेल्या काही युरोपियन कैद्यांची हत्या झाली, हाही त्या दिवसांवरचा डाग आहे. त्याच ठिकाणी दारोगा वाजिद अली यांनी दोन युरोपियन स्त्रियांचे प्राण वाचविले. अंधारातही माणुसकी जपणारी माणसे असतात, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

कॅम्पबेलची मोहीम

रेसिडेन्सी सोडविण्यासाठी इंग्रजांनी एकामागून एक प्रयत्न केले. कानपूर परत घेतल्यावर जनरल हॅवलॉक जुलैअखेर लखनौकडे निघाले, पण वाटेतील लढाया व पटकी यांनी त्यांना मागे फिरावे लागले. २५ सप्टेंबर रोजी हॅवलॉक व औट्रम लढत लढत रेसिडेन्सीत शिरले. मात्र कोंडलेल्यांना सोडवून नेण्याइतके बळ त्यांच्यात उरले नव्हते, आणि वेढा सोडवायला आलेले स्वतःच वेढ्यात सापडले. तोपर्यंत दिल्ली पडली होती, तरी लखनौ हटले नाही. नोव्हेंबरमध्ये सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल आले. १६ नोव्हेंबर रोजी सिकंदरबागेत भीषण रणकंदन होऊन सुमारे दोन हजार हिंदी शिपाई मारले गेले. तरीही कॅम्पबेल शहर ताब्यात ठेवू शकले नाहीत. रेसिडेन्सीतील माणसे काढून घेऊन ते रात्रीच्या अंधारात माघारी गेले. त्याच सुमारास हॅवलॉक आजाराने मरण पावले. औट्रम चार हजारांच्या आसपास सैन्यानिशी शहराबाहेर आलमबागेत ठाण मांडून राहिले. पुढील तीन महिन्यांत बेगमसाहेबांच्या फौजेने आलमबागेवर वारंवार हल्ले केले, परंतु ते ठाणे उठले नाही.

मार्च १८५८ मध्ये कॅम्पबेल पुन्हा आले ते सर्व तयारीनिशी. नेपाळचे जंगबहादूर यांचे गुरखे धरून त्यांच्याजवळ सुमारे तीस हजारांची फौज आणि शंभरावर तोफा होत्या. लखनौच्या रक्षणासाठी तटबंदीच्या तीन रांगा उभारल्या होत्या. पहिली कालव्याच्या काठाने होती आणि शेवटची कैसरबागेभोवती. पूर्वीचे हल्ले ज्या बाजूंनी झाले, त्याच बाजूंनी पुढचा हल्ला होईल असा रक्षकांचा अंदाज होता. गोमती नदीची उत्तर बाजू मोकळी राहिली. कॅम्पबेल यांनी नेमके हेच हेरले. नदीवर पिंपांचे तरते पूल बांधून त्यांनी औट्रमला ६ मार्च रोजी पलीकडे पाठविले. उत्तर तीरावरच्या तोफा तटबंदीच्या पाठीमागे मारा करू लागल्या आणि महिनोन्महिने राबून बांधलेली पहिली रांग जवळजवळ न लढताच सोडावी लागली. ११ मार्चला बेगम कोठी पडली, १४ मार्चला कैसरबाग. त्यानंतर विजयी फौजेने राजवाड्यांची जी लूट केली, तिचे वर्णन इंग्रज लेखकांनीच करून ठेवले आहे. २१ मार्चपर्यंत सारे शहर इंग्रजांच्या हाती गेले.

पण ज्यांच्यासाठी एवढी मोहीम आखली त्या बेगमसाहेबा सापडल्या नाहीत. मुलाला व निष्ठावंतांना घेऊन त्या शहराबाहेर पडल्या आणि घाघरा नदी ओलांडून बहराइच भागातील बौंडीच्या किल्ल्यात पोचल्या. याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी मोजके अपवाद सोडून अवधच्या सर्व जमिनी जप्त केल्याचे जाहीर केले. त्यामुळे जे तालुकदार काठावर होते तेही बेगमसाहेबांकडे वळले. शंकरपूरचे राणा बेनीमाधव यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी किल्ला मागितला तेव्हा त्यांनी किल्ला सोडला, पण आपले इमान बिरजीस कद्र यांना दिलेले असल्याने आपण स्वतः शरण येणार नाही असे कळविले आणि रातोरात सैन्यासह निघून गेले. एका राजपूत राण्याने एका मुसलमान बालराजाला दिलेले हे वचन त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत पाळले.

जाहीरनाम्यास जाहीरनामा

१ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचण्यात आला. कंपनीचे राज्य संपले, राणीचे राज्य सुरू झाले. कोणाच्या धर्मात हात घालणार नाही, तह पाळू, नवा मुलूख घेणार नाही, इंग्रजांच्या खुनात ज्यांचा हात नाही अशा शरण येणाऱ्यांना माफी देऊ, अशी त्यात आश्वासने होती. शाळेत हा जाहीरनामा आपण शिकवितो, मुले त्यातील कलमे पाठही करतात. पण त्याला त्याच वेळी एक लेखी उत्तर दिले गेले होते, हे वर्गात फारसे सांगितले जात नाही.

ते उत्तर बेगमसाहेबांनी बौंडीच्या आश्रयकाळात बिरजीस कद्र यांच्या नावाने प्रसिद्ध केले. त्यात शिवीगाळ नाही, आक्रोश नाही. राणीचे एकेक कलम घेऊन त्याची तपासणी केली आहे. राज्य राणीने घेतले म्हणता, तर कंपनीचेच कायदे, कंपनीचेच अधिकारी, तोच गव्हर्नर जनरल आणि तीच न्यायव्यवस्था कायम आहे, मग बदलले काय, असा पहिला सवाल. तह पाळणार म्हणता, तर पूर्वीच्या तहांचे काय केलेत, असा दुसरा. येथे भरतपूर, लाहोर, बनारस आणि टिपू सुलतान यांची उदाहरणे येतात. आणि महाराष्ट्रातील वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, पुण्या-साताऱ्याहून घालवून बिठूरला ठेवलेल्या पेशव्यांवरील अन्यायाचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लखनौच्या बेगमेला पुण्याचे दुःख परके वाटले नाही.

त्यानंतरचा मुद्दा तर बिनतोड आहे. अवधची प्रजा आपल्या राजावर नाराज होती म्हणून राज्य घेतले, असे इंग्रज सांगत. बेगमसाहेबांनी विचारले की, प्रजा नाराज होती तर त्याच घराण्याच्या मुलासाठी ती आज प्राण आणि मालमत्ता का उधळीत आहे? मुलूख वाढविण्याची इच्छा नसेल, तर प्रजा मागत असताना आमचा मुलूख परत का देत नाही? न्यायाच्या कारभारात एखादा धर्म खरा की खोटा, याचा संबंध काय? माफीच्या कलमात इतके अपवाद आहेत की बंडवाल्यांना आसरा दिलेल्या गावात सुरक्षित कोण राहील? आणि शेवटी, हिंदी लोकांच्या भवितव्याविषयी या जाहीरनाम्यात रस्ते बांधणे व कालवे खोदणे यापलीकडे काही चांगले काम दिसत नाही, हे त्यांनी लोकांच्या नजरेस आणून दिले.

विद्यार्थी मित्रहो, आकलन म्हणतात ते हेच. समोर आलेला मजकूर शब्दशः वाचणे, त्यात काय आहे आणि काय नाही हे पाहणे, मागील अनुभवाशी तो ताडून पाहणे आणि मग निर्णय घेणे. त्या वेळी माफीचा मोह लहान नव्हता. जे तालुकदार शरण गेले त्यांपैकी अनेकांना जमिनी परत मिळाल्या. त्यांना आपण नावे ठेवण्याचे कारण नाही, त्यांनाही घरदार होते. परंतु बेगमसाहेबांपुढे तर एकुलता एक मुलगा होता आणि पाठीवर इंग्रज फौज होती. तरीही केवळ शब्दांच्या गोडीवर त्यांनी सही केली नाही.

परागंदा जीवन

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅम्पबेल, जे आता लॉर्ड क्लाइड झाले होते, त्यांनी शेवटची मोहीम उघडली. एकेक किल्ला पाडीत, जंगले तोडीत त्यांच्या पलटणी घाघरापलीकडे सरकल्या. बहराइच, नानपारा, मसजिदिया असे करीत ३१ डिसेंबर १८५८ रोजी राप्ती नदीकाठी बाँकी येथे अखेरची चकमक झाली. बेगमसाहेबा, बिरजीस कद्र, नानासाहेब पेशवे व हजारो शिपाई नेपाळच्या तराईत उतरले. पुण्याच्या गादीचा वारस आणि अवधचा बालराजा यांच्या नशिबी एकच जंगल आले. तराईतील हिवताप व उपासमारीने असंख्य माणसे दगावली. राणा बेनीमाधव तेथेच लढताना पडले. मौलवी अहमदुल्ला शहा तत्पूर्वीच, जून १८५८ मध्ये, पोवायाँच्या राजाच्या दगलबाजीने मारले गेले होते. राजा जयलाल सिंह यांना १८५९ मध्ये लखनौत फाशी झाली.

जंगबहादूर यांनी प्रथम आढेवेढे घेतले, पण अखेर आई व मुलाला काठमांडूत आश्रय दिला. इंग्रजांना केलेल्या मदतीबद्दल नेपाळला १८६० मध्ये तराईचा काही मुलूख मिळाला. त्यांत एके काळी अवधकडे असलेली भूमी होती. इंग्रजांनी देऊ केलेल्या सवलती बेगमसाहेबांनी नाकारल्या. राजवैभव गेले, देश गेला, सोबती गेले. काठमांडूत सुमारे वीस वर्षे त्या साधेपणाने राहिल्या. ७ एप्रिल १८७९ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. शहरातील जामा मशिदीजवळ त्यांची साधी कबर आहे. बिरजीस कद्र पुढे कलकत्त्यास परतले व १८९३ मध्ये मरण पावले.

स्वतंत्र भारताला त्यांची आठवण झाली. १५ ऑगस्ट १९६२ रोजी लखनौतील व्हिक्टोरिया पार्कला बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले. ज्या राणीच्या जाहीरनाम्याला त्यांनी उत्तर दिले, तिच्याच नावाच्या बागेला शंभर वर्षांनंतर त्यांचे नाव लाभले. १० मे १९८४ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अल्पसंख्याक समाजातील नववी ते बारावीच्या मुलींसाठी मौलाना आझाद एज्युकेशन फौंडेशनने चालविलेली शिष्यवृत्तीही त्यांच्याच नावाची होती. अनेक गरीब घरांतील मुली तिच्या आधारे शिकल्या. गरीब घरातून आलेल्या त्या बेगमेचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असू शकेल?

आपण काय घ्यावे

आजच्या काळात कोणाला किल्ला लढवायचा नाही. परंतु कागद मात्र प्रत्येकाच्या दारी येतात. कर्जाचा कागद येतो, जमिनीचा येतो, निकाहनामा येतो, नोकरीचा करार येतो, शाळेचा फॉर्म येतो. त्यांतील शब्द गोड असतात आणि अटी शेवटी बारीक अक्षरात असतात. घरातील मुलगी शिकलेली असेल तर ती तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचून दाखविते आणि विचारते, अब्बा, यात हे लिहिले आहे, पण ते का लिहिलेले नाही? असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवू नये, तिचे कौतुक करावे.

पालक बंधू-भगिनींनो, आठवी-नववी झाली की मुलीचे शिक्षण पुरे, हा विचार अजूनही काही घरांत आहे. पडद्यात राहिलेल्या एका स्त्रीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी साम्राज्याच्या महाराणीला मुद्देसूद जाब विचारला. मग आपल्या मुलींना दहावी-बारावी आणि पुढे पदवीपर्यंत शिकविण्यात आपण का मागे राहावे? या वर्षी ज्या घरातली मुलगी शाळा सोडण्याच्या बेतात असेल, तिच्या आईवडिलांनी हे चरित्र तिच्याकडूनच वाचून घ्यावे आणि मगच काय तो निर्णय घ्यावा, एवढीच नम्र विनंती.